घाईने पिकवलेली भिंत

सगळे त्याला वेल्डरमामा म्हणत. जन्मभर बोटींना ठिगळं लावली आणि उतारवयात भलताच नाद लागला, समुद्रातून भिंती पिकवण्याचा. जाळीचा सांगाडा धक्क्यापाशी खाऱ्या पाण्यात सोडायचा आणि तारेतून नावापुरती वीज द्यायची. पाण्यातला चुना जाळीवर पुटापुटाने चढतो आणि त्याचा दगड होतो; मग तो उचलून घराला भिंत म्हणून बसवायचा. लोक आधी फिदीफिदी हसले. पुरात विटांच्या भिंती वाहून गेल्या, मामाच्या टिकल्या, तेव्हा तेच लोक रांग लावून उभे राहिले. मामा प्रत्येकाला ऐकवी, “उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! वीज वाढवली की पुट जाड दिसतं, पण आतून भुसभुशीत. वर्षभर थांबा.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं. इतरांच्या भिंती लावता लावता थोरल्या बहिणीचं घर राहून गेलं आणि पुढच्या पुरात तिचीच भिंत पडली. अक्का नवऱ्याला घेऊन शाळेच्या सभागृहात राहू लागली. भावोजी अंथरुणाला खिळलेले, डॉक्टरांनी हात टेकलेले. त्या गलबल्यात ते मामाचं मनगट धरून म्हणायचे, “मला माझ्या घरात मरू दे रे. एवढं कर.”

नाही कसं म्हणणार? मामाने वीज वाढवली, फक्त अक्काच्या भिंतीच्या सांगाड्यापुरती. पावसाळ्याआधी पांढरंशुभ्र, जाडजूड पुट चढलं. त्याने हातोडीने वाजवून पाहिलं. चांगली भिंत खणखणते, ही भद्द वाजली. अजून ओली असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आपल्या माणसापुढे भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते, हा तर बिचारा भाऊ होता.

भावोजी घरी आले. खाट नव्या भिंतीला लावली. खिडकीतून खाडी दिसली तसे ते लहान मुलासारखे हसले.

पाणी पहाटे शिरलं. गल्लीतल्या मामाच्या साऱ्या भिंती जागच्या हलल्या नाहीत. ही एकच ढासळली, थेट खाटेवर.

पाणी ओसरल्यावर मामा चिखलात बसला होता. मुठीतला पांढरा चुरा बोटांनी कुस्करत होता. अक्का शेजारी येऊन टेकली. तिने शिव्या घालाव्यात, चारचौघांत जोड्याने मारावं, असं त्याला फार वाटत होतं. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“रडू नकोस. घरीच गेले रे ते,” ती म्हणाली. “तुझ्यामुळेच.”