चौदा महिने निवडलेला प्लेअर

भंडाऱ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी बाबांचा आलेख माझ्यासमोर धरला. त्यावरची रेघ निम्म्यापर्यंत सरळ चालली होती आणि मग तलावाच्या पाळीवरून घसरावी तशी खाली गेली होती.

"वरचे आवाज आधी जातात," डॉक्टर म्हणाले. "पाखरं, पैंजण, बायकांचे चढे स्वर. कानाला मशीन लावून बोलणं कळेल, गाण्याची मजा येणार नाही. काही ऐकवायचं असेल तर वेळ लावू नका."

बाबा शेजारीच बसले होते. "काय म्हणते डॉक्टर?"

"वयाचं आहे म्हणतात," मी म्हणालो.

बाबांनी झाडीपट्टीच्या नाटकांत तीस वर्षं ऑर्गन वाजवला. सानगडीतलं आमचं धान कापून झालं की ते दिघोरीपासून थेट लाखांदुरापर्यंत मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकांना जायचे. त्यांचा एक नियम होता, आणि तो आम्ही जेवताना इतक्या वेळा ऐकला होता की भातासोबत पोटात गेला होता: जनरेटर बंद पडून स्टेजवर अंधार झाला तर नटाने थांबावं, वाजवणाऱ्याने थांबू नये. बाजा चालू राहिला की माणूस जागेवर बसून राहतो. बाजा थांबला की पब्लिक उठते, पोरं चेंगरतात.

त्यांची इच्छा एकच होती. तरुणपणी नागपूरला एका गायिकेची मैफल त्यांनी मांडवाबाहेर उभं राहून भोंग्यावर ऐकली होती. तिकिटाला पैसे नव्हते. "एक डाव पहिल्या रांगेतून आयकाची आहे," ते म्हणायचे. "तिचा श्वास आयकाचा आहे." त्याच बाईंचं जुनं ध्वनिमुद्रण हाय-रिझोल्यूशनमध्ये नव्याने निघाल्याचं मला समजलं. डॉक्टरांकडून आलो त्याच आठवड्यात मी ते डाउनलोड केलं.

इथपर्यंत मी शहाणा मुलगा होतो. पुढचे चौदा महिने मी ते वाजवायला नेटवर्क प्लेअर, म्हणजे डाउनलोड केलेली गाणी वाजवणारं यंत्र, निवडत बसलो.

बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, "लॅपटॉपवर लावून द्या नं. डब्बा स्पीकर आहे पोरीचा."

"लॅपटॉपवर? चोवीस बिटचं गाणं?" मी असं तोंड केलं की जणू तिने दुधात मासोळी टाकायला सांगितली होती.

माझं साकोलीला कृषी केंद्र आहे. खतं, बियाणं, औषधं. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर प्लेअरची परीक्षणं वाचायचो. ती वाचून माणसाला माणसाचा वीट येतो. एक म्हणतो, या यंत्राच्या आवाजात 'काळीभोर शांतता' आहे. दुसरा म्हणतो, त्या यंत्राला 'मखमली मध्य' आहे. तिसरा म्हणतो, नेटवर्कची तार बदलली तेव्हा त्याच्या बायकोला स्वयंपाकघरातून फरक कळला. मग तारेवरून दीडशे माणसं एकमेकांची आई-बहीण काढतात. मला त्यांची शिसारी यायची, आणि रोज दुपारी मी पुन्हा तिथेच जाऊन बसायचो. मी एकदा तिथे प्रश्नही विचारला: वाय-फायवर चालेल की तार ओढावी? उत्तर आलं, "आधी तुमच्या घराची वीज शुद्ध करा." आमच्या फिडरवर कृषिपंप चालतात. वीज शुद्ध करायची म्हणजे अर्ध्या तालुक्याला धान लावू नका म्हणून सांगायला हवं होतं.

पावसाळ्याआधी नागपूरच्या दुकानात गेलो. गालिचा, सोफा, अत्तराचा वास. विक्रेत्याने माझ्या चपलांकडे पाहिलं आणि मग मला बाहेरच्या देशातली एक फीत ऐकवली, ज्यात कोणीतरी काचेचे पेले एकावर एक ठेवत होतं.

"सर, डिटेल बघा. पेल्याची धार ऐकू येऊन राहिली."

"गाणं कुठं आहे?"

"गाणं नंतर सर, पहिले मशीन समजून घ्या. हे मशीन माणसाच्या कानाला ऐकू येत नाही तिथपर्यंत जाते."

ज्या माणसाला पाखरं ऐकू येत नव्हती त्याच्यासाठी मी माणसाला ऐकू न येणारे आवाज विकत घ्यायला गेलो होतो. आणि यावर मी मान डोलावली. 

तरी त्या दिवशी घेतलं नाही. नवं मॉडेल यायचं होतं. मग ते आलं, तेव्हा त्याच्या ॲपमध्ये खोट निघाली. मग दुसऱ्या कंपनीचं पाहिलं, तर त्याला बाहेरून ॲम्प्लिफायर लागत होता. इकडे जेवताना बाबा "काय?" म्हणू लागले होते. आधी दोनदा, मग दर घासाला. पोरीच्या हाका त्यांच्यापर्यंत पोचेनात, माझ्या पोचायच्या.

"तुमच्यापेक्षा लोकं सून लवकर निवडतात जी," बायको म्हणाली.

"सून बदलता येत नाही, हेही नाही. मंग पाहूनच घेतलं पाहिजे."

"पाहत राहा. आयकणारा थांबून राहिला नाही."

शेवटी दसऱ्याच्या आधी एक यंत्र पक्कं केलं. आतच ॲम्प्लिफायर, डोक्यावर गरम हवा जायला जाळी, आणि समोर हातभर उजळ पडदा. पडद्यासाठीच ते घेतलं. गाण्याचं नाव मोठ्या अक्षरांत येतं, बाबांना खुर्चीवरून वाचता येईल. माझ्या या विचारीपणाचं मला फार कौतुक वाटलं.

यंत्र आलं, मी सगळं जोडलं, आणि दिवेलागणीला बाबांना खुर्चीत बसवलं. धान निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या. या दिवसांत आमच्याकडे संध्याकाळी कोणी शहाणा माणूस खिडकी उघडी ठेवून दिवा लावत नाही. शेतातले तुडतुडे उजेडावर तुटून पडतात. हे मी कोणाकडून शिकायची गरज नाही. दुकानात मीच शेतकऱ्यांना प्रकाश सापळा विकतो: उजेड लावा, खाली भांडं ठेवा, सकाळी पसाभर तुडतुडे फेका. त्याप्रमाणे मी घरातले सगळे दिवे बंद केले. उकडत होतं म्हणून खिडक्या उघडल्या. अंधाऱ्या खोलीत फक्त एक उजेड राहिला, हातभर रुंद, निळाशार. त्याला मी दिवा समजलो नाही, कारण त्याला मी म्युझिक समजत होतो.

गाणं सुरू झालं. तानपुरे उघडले, बाईंनी श्वास घेतला. खरंच ऐकू आला. मला. तबला सुरू झाला तेव्हा मी बाबांकडे पाहिलं. ते डोळे अर्धवट मिटून मांडीवर ताल धरून होते. समेवर म्हणाले, "वा!" बरोबर समेवर. मी बायकोकडे विजयाने पाहिलं.

तेवढ्यात पहिला तुडतुडा पडद्यावर बसला. मग दहा. मग पडदा हिरवा दिसू लागला. ते रेंगाळत वर चढले, डोक्यावरच्या उबदार जाळीवर जमले आणि आत ओतल्यासारखे उतरले. मी हाताने झटकले तर बोटांना हिरवा चिकट लगदा लागला. जळक्या केसासारखा वास सुटला. बायकोने पदर नाकाला लावला. आत कुठेतरी चट् झालं, पडदा विझला, गाणं बाईंच्या तानेत तुटलं.

बाबांची बोटं मांडीवर चालूच होती.

आम्ही दोघं तसेच उभे. बाबांनी पूर्ण आवर्तन मोजलं, समेवर आले आणि पुन्हा म्हणाले, "वा!" खोलीत तर आवाजच नव्हता. इतका वेळ त्यांनी काय ऐकलं होतं मग?

बायकोने दिवा लावला. मी खाली वाकलो, त्यांच्या बऱ्या कानाशी ओरडलो, "बाबा, बंद पडलं ते!"

"माहीत आहे नं. उजेड गेला तवाच समजलं मले." बोटं थांबली नाहीत. "उजेड गेला म्हणून ताल सोडाचा काय?"

"त्याच्या आधी... तुमाले आयकू येत होतं?"

"तबला येत होता. डग्गा तं लय चांगला येत होता. बाई नाही आली. मंग तिची जागा मी म्हणत होतो, मनात."

यंत्राच्या जाळीतून अजून एक-दोन तुडतुडे धडपडत बाहेर येत होते. त्यांच्याकडे पाहणं मला बरं वाटलं.

"हे गाणं तुयाजवळ कवापासून होतं?" बाबांनी विचारलं.

औषध विकणाऱ्या माणसाला खोटं बोलताना अडखळायला होत नाही.

"आताच आलं," मी ओरडून सांगितलं.

"असं?" ते म्हणाले. "लवकर आणलंस."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग ती झाडू आणायला आत गेली.