टेबलाबाहेर आलेले पाय

"गॅस असेल," असं म्हणून मी गोळीचं नाव अर्धं लिहिलंसुद्धा होतं.

तपासणीच्या टेबलावर शोभा झोपली होती. वय तेवीस, पहिलटकरीण, सातवा महिना. सकाळपासून पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध कळ येतेय, एवढीच तक्रार. नऊ तारीख होती, म्हणजे गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस. गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात त्या दिवशी पाणी प्यायलाही फुरसत नसते. बाहेर बाकावर रांग लागलेली होती आणि माझं अर्धं लक्ष त्या रांगेकडे होतं.

"मॅडम, टेबल पुन्हा कमी पडलं बघा हिला," सिस्टर हसत म्हणाली.

मी वर पाहिलं. शोभाचे पाय घोट्यापासून टेबलाबाहेर आले होते. आधीच्या दोन्ही तपासण्यांना हाच विनोद झाला होता आणि मीही हसले होते. या वेळी हसू आलं नाही. का, ते सांगता येत नाही. पाठीतली कळ आणि ती पावलं एकदम समोर आली, एवढंच. अरुंद, लांबलचक पावलं. बोटंही तशीच लांब आणि बारीक.

मी पेन खाली ठेवलं आणि तिचं कार्ड उघडलं. त्यावर उंचीचा रकाना असतो. तो खरं तर बुटक्या बायांसाठी. उंची फार कमी असली तर बाळंतपण अडतं, म्हणून मोजायची. उंच बाईची काळजी कुणी करत नाही. शोभाच्या रकान्यात आकडा नव्हताच. दोन्ही वेळा लिहिलं होतं, 'ठीक'. अक्षर माझं होतं.

"सिस्टर, टेप आणा. आणि रांगेला सांगा, वेळ लागेल."

उंची मोजली. मग दोन्ही हात पसरायला लावून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत मोजलं. साधारण माणसाचा हा पसारा उंचीएवढाच असतो. शोभाचा बराच जास्त भरला. पुन्हा मोजला, तरी तेवढाच.

"अंगठा आत घाल आणि मूठ मिट."

अंगठ्याचं टोक करंगळीच्या पलीकडून बाहेर आलं. पुस्तकातल्या चित्रात असतं अगदी तसं. ते चित्र मी परीक्षेला काढलं होतं आणि चोवीस वर्षांच्या नोकरीत जिवंत माणसावर पहिल्यांदा बघत होते.

पुढची खूण मनगटाची. एका हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने दुसरं मनगट धरायचं. दोन्ही बोटं एकमेकांवर चांगली चढली तर खूण पक्की. पण शोभाच्या मनगटात कोपराच्या दिशेने हिरवा चुडा भरलेला. मी त्याला हात लावला तशी कोपऱ्यात उभी असलेली तिची सासू, कोंडाबाई, पुढे आली. मेंढरं-बकऱ्या राखणारं घर. बाई काटक आणि बोलायला फटकळ.

"चुड्याला हात लावू नका बाई. परवाच ओटी भरली हाय तिची."

"काढत नाही मावशी. नुसता वर सरकवते."

सातव्या महिन्यात बायकांचे हात सुजतात, बांगड्या रुततात. शोभाचा चुडा जरासा ढकलला आणि सरळ कोपरापर्यंत गेला.

"कासार बी म्हनला व्हता," कोंडाबाई पुटपुटली, "ह्या मापाच्या बांगड्या मी शाळंतल्या पोरींला भरतो."

म्हणजे कासाराला माझ्या आधी दिसलं होतं. शोभाची बोटं मनगटाभोवती नखभर एकमेकांवर चढली.

आता मला वाटत होतं, पुढची खूण सापडू नये. मी डोळ्यांत बॅटरी मारली. तिने नजर हलवली की बुबुळाचा रंगीत पडदा थरथरत होता. आतलं भिंग जागचं सुटलं की असं होतं.

"चष्मा आहे का तुला?"

शोभाने सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "व्हता. बघायला पाव्हणे आले तवा काढून ठिवला. मग घातलाच न्हाई."

छातीला स्टेथोस्कोप लावला. ठोक्यामागून हलकी फुस्स ऐकू आली, झडप नीट मिटत नसल्यासारखी.

या सगळ्या खुणांचं मिळून एक नाव आहे, मार्फान सिंड्रोम. जन्मजात दोष. शरीर ज्या धाग्याने शिवलेलं असतं तो धागाच कच्चा असतो. हाडं लांब वाढतात, डोळ्याचं भिंग सुटतं. त्याने जीव जात नाही. जीव जातो तो हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीमुळे. ती सैल पडत जाते आणि एक दिवस फाटते. बाई गरोदर असली तर ही भीती जास्तच. आणि फाटते तेव्हा कळ पाठीत येते, दोन खांद्यांच्या मधोमध.

"शोभा, तुझे आईवडील कसे आहेत?"

"आई हाय, ताडकळसला. अप्पा न्हाईत. मी लहान व्हते तवाच गेले."

"कशाने?"

"उभ्यानं गेले. लय उंच व्हते. पाठीत कळ आली म्हनले, पानी मागितलं. आईनं तांब्या आनला तवर संपले व्हते. लोक म्हनले, नजर लागली."

सिस्टरच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच गेलं होतं. मी दोन्ही हातांचं बीपी घेतलं. वाहिनी फाटली असेल तर बहुतेकदा दोन हातांत फरक पडतो. फरक नव्हता. पण फरक नाही म्हणजे फाटलीच नाही, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. मी तर नाहीच.

मी नांदेडच्या मेडिकल कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांना फोन लावला. खुणा एकेक करून सांगितल्या.

"मागच्या तपासणीत काय लिहिलंयस?" त्यांनी विचारलं.

"उंची ठीक."

"ठीक," त्यांनी तो शब्द नुसता परत उच्चारला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "बीपीची गोळी दे. एक पाऊलही चालू देऊ नकोस. लगेच घेऊन निघ, मी इको मशीनपाशी थांबतो."

कोंडाबाई मात्र दारात आडवी. "आसं कसं न्यावं? पोरगा मेंढरं घिऊन लांब गेलाय. चार दिवसांत यील. त्याला इचारून नेऊ."

"मावशी, चार दिवस माझ्याकडे नाहीत. कदाचित चार तासही नसतील."

मग तिचा आवाज एकदम उतरला. "मला वाटलंच व्हतं कायतरी. आडातून पानी शेंदताना हिची छाती भात्यावानी व्हायची. बोटं बी तसली."

"मग बोलला का नाहीत?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"तुमी इचारलं का?" तीही चढली. "आमी बकरी घेताना दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. तुमी दर बारीला निस्तं पोट दाबून सोडताव. मला वाटलं, डॉक्टरबाईला समदं दिसलंच आसंल, आन त्या काई बोलंनात म्हंजी काई नसंल."

मी सिस्टरला स्ट्रेचर आणायला सांगितलं. कोंडाबाई दारातून बाजूला झाली.

ॲम्ब्युलन्समध्ये मी सोबत गेले. त्या रस्त्यावर मी शेकडो वेळा गेले असेन, पण खड्डे त्या दिवशी मोजले. प्रत्येक धक्क्याला तिची नाडी बोटांखाली आहे का ते बघत होते. कोंडाबाई सुनेचे पाय मांडीवर घेऊन बसलेली. पाय तिथंही स्ट्रेचरच्या बाहेरच आले होते.

"मॅडम, अप्पासारखं व्हईल का?" शोभाने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. तोवरच्या नोकरीत इतकं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते.

इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, वाहिनी फुगलेली दिसली. फाटलेली नव्हती. सर म्हणाले, "काठावर आहे." त्याच दिवशी तिला पुढे संभाजीनगरला हलवलं, हृदयाचे सर्जन असतात तिथे. तिथे ती आठवडेच्या आठवडे पडून राहिली. दिवस भरायच्या थोडं आधी सिझर केलं, शेजारी हृदयाची टीम उभी ठेवून. मुलगी झाली. काही महिन्यांनी शोभाच्या वाहिनीचा फुगलेला भाग काढून तिथे कृत्रिम नळी बसवली. फोन वाजला की तेवढे महिने मी हातातलं काम टाकून तो उचलायचे.

एका नऊ तारखेला तिघी आल्या. शोभाच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. कोंडाबाईने नातीला टेबलावर ठेवलं आणि अंगावरचं फडकं काढलं.

"बघा. डोक्यापासून पायापत्तोर बघा."

मार्फान आईत असेल तर मुलात उतरणं म्हणजे चित की पट. पुण्याला पाठवलेल्या रक्ताचा रिपोर्ट त्यांच्या पिशवीत होता. मी तो आधी वाचला नाही. पोरगी बघितली. बोटं, टाळू, डोळे, छाती, पाठीचा कणा. मग रिपोर्ट उघडला. जे वाटत होतं तेच होतं.

"हिच्यात बी हाय न्हं?" कोंडाबाईने विचारलं. "माहीत हाय आमाला, संभाजीनगरला सांगितलं. दर साली ते इको करायचं, गोळी द्यायची, जड उचलू द्यायचं न्हाई. आन चष्मा लपवायचा न्हाई." शेवटचं वाक्य सुनेकडे बघून.

आता उंचीचा रकाना मी स्वतः भरते, आकड्यात. रांग लांबते, बाया कुरकुरतात, वरून फोन येतो की तुमच्याकडे तपासणीला इतका वेळ का लागतो. लागतो. टेबल अजून तेवढंच आहे, मागणी करूनही लांब मिळालं नाही. पण कुणाचे पाय बाहेर आले तर आमच्याकडे आता हसत नाहीत. सिस्टर न सांगता टेप काढते.