हर्सूलचा पावडरमामा

माझा मामा आरशाशिवाय कुणाशीच नजरेला नजर भिडवून बोलत नसे. समोर माणूस असला तरी डोळे स्वतःच्या दंडावर. हर्सूलला त्याची व्यायामशाळा होती. तिथली पोरं त्याला पावडरमामा म्हणत, आणि तो ते कौतुक समजे.

कुठलीही गोष्ट माहीत नसणं त्याला कधी आडवं आलं नाही. बिनलेबलच्या डब्यातली पांढरी पावडर तो सगळ्यांना सारखीच चारायचा. "काय आहे यात?" असं कुणी विचारलंच तर म्हणायचा, "ताकद हाय. तू काय पोलीस हायेस का?" डॉक्टरांना तो मोजत नसे, कारण त्यांचे दंड बारीक. ताप असो, परीक्षा असो, त्याचा सल्ला ठरलेला. "पानी पी रे, समदं धुऊन निघतंय."

आमच्या घरासमोर रशीदचाचा शिलाईकाम करत. त्यांचा नदीम माझा मित्र आणि मामाचा लाडका चेला. शेंद्र्याच्या एका कारखान्यात त्याची नोकरी ठरली, फक्त तपासणी उरली होती. नशा करतो का हे बघायला तिथं लघवी तपासतात, हे कळल्यावर मामाचा चेहरा उतरला. नदीमनं जन्मात सुपारी खाल्ली नव्हती, पण मामाला भीती स्वतःच्या डब्याची. "पावडरीत काय निघंल सांगता येत नाय," तो म्हणाला. तोवर तेवढं एकच वाक्य त्याच्या तोंडून मी खरं ऐकलं होतं. "तपासणीच्या दिशी सकाळपासून पानी पीत ऱ्हा." नदीम मळमळेपर्यंत पाणी प्यायला.

नमुना नाकारला गेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी नदीमला विचारलं, "लघवीत क्रिएटिनिन असतंच. ते स्नायूंमधून येतं. तुमच्या नमुन्यात ते इतकं कमी आहे की नुसतं पाणीच वाटावं. काही लपवताय का?" कारखान्यानं तेच धरलं. पोरगा नशा करत असणार, म्हणून पाणी ढोसून आला.

नदीम रडवेला होऊन मामाकडं गेला. मामा हसला. "सोपं हाय. आता दोन दिस मटन हाण, पावडर दुप्पट घे. क्रिएटिनिन असं चढंल की डॉक्टरीण सलाम ठोकंल." मटणानं आणि तसल्या पावडरीनं ते चढतं, हे खरंच आहे. पण पुन्हा तपासणी करणार होतं कोण?

संध्याकाळी रशीदचाचा स्वतः व्यायामशाळेत आले. मीही तिथं होतो. "मामू, पावडर नको. माझ्यासंगं शेंद्र्याला चला. एवढंच सांगा, 'पानी मीच प्यायला लावलं.' बच्चे की इज्जत का सवाल है."

मामानं आरशात बघून केसांवर हात फिरवला. "चाचा, माझ्या तालमीचं नाव खराब होईल ना."

दुसऱ्या दिवशी चाचा एकटेच गेले. गेटवर उन्हात ताटकळून परतले. जागा दुसऱ्याला मिळाली होती. गल्लीत नदीमला गंजेटी म्हणू लागले, आणि चाचांच्या मशीनचा आवाज काही दिवस ऐकूच आला नाही.

मामा आईचा धाकटा भाऊ, तिनं कडेवर वाढवलेला. भाऊबीजेला तो नवा टाइट शर्ट घालून, हातात साडी घेऊन आला. आई तबक घेऊन दारातच उभी राहिली.

"नदीमची माफी मागितलीस का रं?"

"ताई, सणासुदीचं ते कशाला काढती?"

"समोर दार हाय त्याचं. जाऊन ये, मग ओवाळते."

समोरच्या ओट्यावर नदीम बसलेला होता. मामानं तिकडं बघितलं. एवढ्या छातीच्या माणसाला गल्ली ओलांडवेना. साडी आमच्याच ओट्यावर ठेवून त्यानं गाडीला किक मारली.

आई दिवसभर निरांजनात तेल घालत राहिली. संध्याकाळी तिनं ते फुंकर मारून विझवलं, आणि त्यानंतर कुठल्याच भाऊबीजेला मामाची वाट पाहिली नाही.