श्रावण पाळणारे दाजी

आमच्या कोल्हापुरात दारू सोडणं फार सोपं आहे. गटारीला तांबडा-पांढरा रस्सा ओरपत नरड्यापर्यंत ढोसायची आणि श्रावण लागला की कपाळाला गंध लावून गल्लीभर हिंडायचं. लोक कौतुक करतात. माझ्या दाजींचं तर फारच करायचे. एरवी चहाआधी क्वार्टर लागणारा हा माणूस श्रावणात थेंबाला शिवत नाही, म्हणजे तो बेवडा नव्हेच, असा त्यांच्या घरचा सिद्धांत होता. पहिल्या आठवड्यात त्यांचे हात कापायचे. ते म्हणे उपासामुळं.

यंदा श्रावणाच्या दुसऱ्याच दिवशी मी अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, भेटायला गेलो, तर दाजींना शर्टाची बटणं लावता येत नव्हती. अंग घामानं निथळत होतं. अक्का सकाळपासून डॉक्टर-डॉक्टर करत होती. तिच्या सासूबाईंच्या मते ते पित्त होतं, म्हणून त्यांनी सरबत केलं. थोरल्या दिरानं चार दिवस कळ काढायला सांगितलं. स्वतः दारूवाचून चार तास न काढलेला माणूस हा. सरबताचा पेला तोंडाला लागायच्या आत दाजी फरशीवर कोसळले. डोळे पांढरे, तोंडाला फेस.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, दारू किती घेतात? खरं सांगा, उपचार त्यावर ठरणार आहेत. खोलीत दाजींचे भाऊ, चुलते, सगळे मिशांना पीळ देणारे उभे.

"कधीमधी घेतोय," थोरला भाऊ म्हणाला. "श्रावण पाळतोय की, मॅडम."

मी तोंड उघडलं, तर पावण्यांनी मधी पडू नये म्हणून चुलत्यांनी मलाच दटावलं. सख्खा माणूस गेला तरी चालेल, पण बेवडा म्हणून गेला असं कुणी म्हणायला नको. असल्या इज्जतीला कुत्रंही हुंगणार नाही.

अक्का पुढं झाली. "रोज पित्यात. उठल्यापासनं. परवा रात्रीपासनं एकदम बंद हाय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकी सवय झालेल्या शरीराची दारू अशी घरच्या घरी एकदम तोडली तर माणूस दगावतो. ती औषधांखालीच सोडवावी लागते. त्यांनी लगेच उपचार सुरू केले. दाजी वाचले.

घरी आल्यावर सासूबाईंनी दृष्ट काढली. श्रावणाचं पुण्य कामाला आलं म्हणाल्या. थोरल्या भावानं श्रावण संपल्यावरच्या मटणाचा बेतही ठरवून टाकला. अक्काशी मात्र कुणी बोलेना. मला राहवलं नाही. मी दाजींना म्हणालो, आज तुम्ही आहात ते अक्कामुळं.

"चारचौघांत अब्रू घालवली माझी तिनं, पावणं," दाजी म्हणाले.

अक्का शेजारीच त्यांच्या गोळ्या पाकिटातनं सोडवत होती. तिनं गोळ्या आणि पाणी पुढं केलं. दाजींनी तिच्याकडं न बघता ते घेतलं.