आक्काच्या खोल्या आणि इंटरनेटवरचं पावणं

ज्या घराच्या माडीवर परकी माणसं येऊन झोपतात, त्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे विसरलेल्या साबणाच्या डब्या आणि दुसरे किस्से! डबी न्यायला कुणीतरी फिरून येतं तरी. किस्से मात्र कायमचे आमच्या गळ्यात.

राजारामपुरीत आमचं घर. खाली माझा एसटीडी बूथ, वर माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, तीन खोल्या. भावजी गेल्यावर तिनं त्या अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी उघडल्या. पाटी नाही, जाहिरात नाही. राहून गेलेल्यानं दुसऱ्याला नंबर द्यायचा, फोन बूथवर यायचा आणि मी जिन्यातून ओरडायचो, "आक्काऽ, पावणं!"

नव्वदच्या दशकातलं हे बुकिंग म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रमच. एकदा पुण्याचे एक साहेब म्हणाले, "डबल रूम आहे का?"

"कोण कोण येणार?" आक्कानं विचारलं.

"मी, मिसेस आणि मुलगा."

"पोरगं केवढं?"

"दीड वर्षाचं."

"मग मागची खोली घ्या. फुडच्या खोलीत रिक्षांचा आवाज, झोपायचं न्हाय त्ये. तिखट खातासा न्हवं?"

"हो... पण भाडं किती?"

"ऱ्हावून बघा की आधी!" आणि आक्कानं फोन ठेवला.

पाच मिनिटांत साहेबांचा परत फोन. बिचकत विचारतात, "म्हणजे, माझं बुकिंग झालं का?"

मी म्हटलं, "साहेब, दूधवाल्याला सांगून झालं!"

*

इंटरनेटच्या आधी आमचं इंटरनेट म्हणजे शिवाप्पा. स्टँडवरचा रिक्षावाला. बॅग घेऊन उतरलेला माणूस जरा गोंधळलेला दिसला की याची रिक्षा थेट आमच्या दारात!

एका दुपारी त्यानं असेच एक गृहस्थ आणून सोडले. आक्कानं पाणी दिलं, पाट मांडला, ताट वाढलं. गृहस्थांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आक्कानं वाटीत तांबडा रस्सा ओतला. त्यांनी तोंड मिटलं ते जेवण होईपर्यंत.

हात धुवून म्हणाले, "बाई, माझं घर हितं मागच्याच गल्लीत हाय. नुकतंच सांगलीहून बिऱ्हाड आणलंय."

"अवो, मग बोललासा का न्हाई?"

"रिक्षात ह्यो बोलू देईना, हितं तुम्ही. आणि बोलणार तेवढ्यात रस्सा आला की!"

तेवढ्यात त्यांची बायको शोधत शोधत दारात! "जेवला व्हय? आता मी केलेलं कोण खाणार?"

आक्कानं दुसरा पाट मांडला.

*

दोन हजार साल उलटलं आणि दिवस पालटले. बूथ बंद करून मी तिथंच इंटरनेट कॅफे टाकला. लोक आता सकाळी गाडीनं येत, दर्शन घेऊन संध्याकाळी परत जात. खोल्या रिकाम्या पडू लागल्या. आणि शेजारचे कोचिंग क्लासवाले सर माडी मागायला येऊ लागले. बारा महिने भाडं, कसली कटकट नाही. घरातले सगळे म्हणाले, देऊन टाक. आक्का मात्र न वापरलेल्या चादरी रोज झटकून पुन्हा घालायची. मला ते बघवेना!

मी म्हटलं, "आक्का, वेबसाइटवर टाकूया खोल्या. कुठूनही बुकिंग येतं!"

"तोंड न बघता?"

"तोंड न बघता!"

शेवटी नवरात्रापर्यंत मुदत ठरली. साइटवरून माणसं आली तर खोल्या राहणार, नाहीतर क्लासची बाकं येणार. सर म्हणाले, "घट बसले की मी मापाची टेप घेऊन येतो."

*

साइटला खोलीचा फोटो लागतो. म्हणून मंगळवार पेठेतला, लग्नाचे फोटो काढणारा एकजण बोलावला. त्यानं पुढच्या खोलीतला पलंग बघितला आणि कॅमेरा खाली केला.

"नुसत्या पलंगाचा फोटो? घरात काय वाईट झालंय काय?"

मग काय! आक्का काठापदराचं लुगडं नेसून आली. मी शर्ट खोचला. शिवाप्पा रिक्षा लावून पळत वर आला. त्या दिवशी नेमके हुबळीचे कापडवाले बसाप्पा मुक्कामाला होते. वर्षातून दोन-तीनदा येणारं पावणं, कधी फोन नाही की चिठ्ठी नाही, आले की पुढची खोली त्यांची. त्यांनी पटका बांधला आणि पलंगाच्या मधोमध बसले.

फोटो झकास आला. पलंग तेवढा दिसेना! मी तोच साइटवर चढवला.

*

आणि आलं की हो पहिलं बुकिंग! बेंगळुरूचा कॉम्प्युटर इंजिनिअर. मी कॅफेत अक्षरशः नाचलो. आक्का स्क्रीनकडे बघत म्हणाली, "आवाज न्हाय, काय न्हाय. माणूस कसा कळायचा?"

तिनं मला मेसेजमध्ये लिहायला लावलं, आई कुठली, लग्न झालंय का, तिखट चालतं का. पोरानं इमानदारीनं उत्तर पाठवलं. आई धारवाडची, लग्न व्हायचंय, तिखट चालतं.

पोरगा आला, जेवायला बसला. खर्डा-भाकरीचा पहिला घास गेला आणि कान लालभडक, डोळ्यांतून पाणी!

आक्का दह्याची वाटी घेऊन उभीच होती. "कॉम्प्युटरवर खोटं लिवतोस व्हय रे!"

जाताना तो म्हणाला, "दादा, तुमचा नंबर द्या. पुढच्या वेळी डायरेक्ट फोन करतो."

मी हात जोडले. "साइटवरूनच ये बाबा. सरांना दाखवायचंय!"

*

घट बसले. त्याच दिवशी पुढची खोली साइटवरून बुक! नागपूरचं जोडपं. बुक केलेली खोली मिळाली नाही तर साइटवाले नाव काढून टाकतात, म्हणून मी स्वतः शिवाप्पाच्या रिक्षातून त्यांना आणायला गेलो. घेऊन आलो, वर चढलो, ऐटीत दार उघडलं.

पलंगावर बसाप्पा! अंगात बनियन, खाली लुंगी, हातात चहाची बशी.

"बन्नी, बन्नी! या, बसा की!"

सर आधीच टेप घेऊन खोलीत हजर. "एक बाक इथं, एक तिथं," असं भिंतीशी चाललेलं. आक्का दारात. एकीकडे इतक्या वर्षांचं पावणं, दुसरीकडे खोल्या वाचवणारं बुकिंग. ती नुसती पदराचं टोक पिळत राहिली. मी तिला असं कधीच बघितलं नव्हतं.

नागपूरकरांनी पिशवीतून साइटवरच्या फोटोची प्रिंट काढली. कागदाकडे बघितलं, बसाप्पांकडे बघितलं. मग आक्काकडे, माझ्याकडे, बॅगा घेऊन धापा टाकणाऱ्या शिवाप्पाकडे.

आणि बायकोला ओरडून म्हणाले, "अगं बघ, सगळेच्या सगळे आहेत!"

दोघं जाऊन बसाप्पांच्या दोन बाजूंना बसले. कॅमेरा सरांच्या हातात दिला. "एक फोटो काढता का?"

सरांनी टेप खिशात घातली.

"थांबा, मी बी येतो की!" आक्का पलंगावर जाऊन टेकली. मी आणि शिवाप्पा मागं उभे राहिलो.

सर म्हणाले, "सगळे मावत नाहीत."

"मग जरा मागं सरा की, सर."

सर उंबऱ्यापर्यंत गेले.

"आणि जरा," आक्का म्हणाली.

सर पार जिन्यात पोचले, तेव्हा कुठं आम्ही सगळे फोटोत मावलो!