द्वारकेत अर्ध्यावर थांबवलेली कथा

मंडळी, राग अजून उतरलेला नाही.

आज द्वारकेत आमच्या मराठी मंडळात मी एका जुन्या, नावाजलेल्या लेखकाची काळीकुट्ट कथा वाचत होते. त्यात सासरचे लोक सुनेला खोलीत कोंडून वेडी ठरवतात. अर्ध्यातच अध्यक्षांनी माइक बंद केला.

"अहो, फॅमिली प्रोग्राम आहे! असलं अभद्र बिल्कुल नको. काहीतरी हलकंफुलकं वाचा."

तेवढ्यात मागून सत्तरीच्या जोशीकाकू उठल्या. "थांबू नकोस गं. माझ्या ताईला असंच कोंडलं होतं. घरात आजवर तिचं नावही काढू देत नाहीत."

मी माइकशिवाय, घसा ताणून शेवटपर्यंत वाचलं. काकू पुढे येऊन माझ्या शेजारी बसून रडत होत्या. अध्यक्ष चहाला निघून गेले.

कथा अभद्र म्हणे! मग ताईंना कोंडणारं ते घर काय होतं?