डोळ्यांखालची नीळ

मी मुळात कमी बोलतो, आणि बोललो तरी सावकाश. चार जण बसले की माझी पाळी येईपर्यंत चहा संपतो, मंडळी उठतात आणि माझा किस्सा माझ्याकडेच राहतो. असे राहून राहून बरेच साठले आहेत. त्यातले निम्मे ठाण्याच्या एका फोटो स्टुडिओतले आहेत, आणि गंमत अशी की ते सगळे माणसाच्या डोळ्यांखालच्या दोन बोटांच्या जागेवर घडले.

टेंभी नाक्यापासून चार पावलांवर नानांचा स्टुडिओ होता. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. फोटो नाना काढायचे. मी चौथीतून शाळा सोडलेला, माझ्याकडे आरशाची खोली. गिऱ्हाइकाला बसवायचं, कंगवा द्यायचा, घाम टिपायचा, पावडर लावायची.

स्टुडिओला वरून काचेचं छप्पर होतं. नानांचा विजेच्या दिव्यावर विश्वास नव्हता, त्यांचा सगळा कारभार उन्हावर. आता उजेड वरून पडला की कपाळ उजळतं आणि डोळ्यांखाली सावली पडते. विशीतल्यांना ते चालून जायचं. पण चाळिशी ओलांडलेला माणूस, ज्याच्या डोळ्यांखाली आधीच काळं आहे, तो नानांच्या फोटोत महिनाभर झोपला नसल्यासारखा दिसायचा.

कोपरचे एक पाटील होते. खाडीकाठी शेती, मिठागर, घरात कशाला कमी नाही. त्यांनी फोटो हातात घेतला, खिडकीशी नेला, परत आणला.

"नाना, मी त पडल्या पडल्या घोरतंय," ते म्हणाले. "मंग ह्यो रातभर कोन जागला?"

*

त्यावर उपाय म्हणून आमच्याकडे पावडर होती. पण पिकल्या कातडीवर पावडर म्हणजे सुकल्या मातीवर चुना. लावताना गुळगुळीत दिसते, माणूस हसला की सुरकुतीत जाऊन बसते आणि डोळ्यांखाली पांढऱ्या रेघा उमटतात.

डोंबिवलीहून एक काकू आल्या होत्या. मुलगा आफ्रिकेत नोकरीला होता, त्याला फोटो पाठवायचा होता. त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि स्वतःच लावत सुटल्या. नाना कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखालून म्हणाले, "काकू, आता हसू नका."

"का?"

"पावडरीला तडे जातील."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "पोरगा तिकडं एकटा आहे हो. आई हसत नाही असा फोटो बघून तो पुढच्या बोटीनं परत येईल. तडे गेले तर जाऊ देत."

फोटोत तडे आले. पण आम्ही काढलेल्या फोटोंत तो मला सगळ्यात आवडतो.

*

नानांचा स्वतःचा उपाय म्हणजे पेन्सिल. तेव्हा फोटो आधी काचेच्या प्लेटीवर उतरायचा. त्या काचेवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवली की कागदावर तेवढ्या जागी उजेड यायचा. डोळ्यांखालचं काळं असं खोडता येत असे. पण नानांचा हात एकदा चालू झाला की थांबत नसे. काळं गेलं, मग सुरकुती गेली, मग गालाचा खड्डा गेला.

एका गृहस्थांनी बायकोचा असा फोटो नेला आणि तासाभरात परत आले. आम्हाला वाटलं, भांडायला आले. ते अगदी शांत होते.

"फोटो छान आहे," ते म्हणाले. "लग्नात ही अशीच होती. पण नाना, आता ही भिंतीवर आणि ती स्वयंपाकघरात. मी दोघींना सांभाळू कसा?"

त्या दिवसापासून नानांनी पेन्सिल जपून वापरायची ठरवली. म्हणाले, "काळं झाकायचं ते चेहऱ्यावरच झाक. काचेवर मी माणूसच बदलून टाकतो."

म्हणजे काम माझ्याकडे आलं.

*

त्याच महिन्यात सुमतीबाई आल्या. जवळच्याच एका शाळेत शिकवायच्या. वय चाळिशीच्या आसपास. वडील लवकर गेले, तीन भावांना यांनी शिकवलं, कामाला लावलं, लग्नं करून दिली. हे सगळं त्यांच्या ताराआत्यांनी सांगितलं. त्यांना घेऊन त्याच आल्या होत्या. आता कल्याणचं एक स्थळ होतं. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. दोन्हीकडून आधी फोटो द्यायचे, मग बघायला जायचं, असं ठरलेलं.

सुमतीबाईंच्या डोळ्यांखाली चांगलंच काळं होतं. वर्षानुवर्षं वह्या तपासल्याचं.

"होईल का काही?" त्यांनी मला विचारलं. "हा शेवटचाच फोटो. हे नाही झालं तर पुन्हा कुणापुढे फोटो ठेवायचा नाही, असं मी ठरवलंय."

मी म्हटलं, होईल. मला नाटकात रंग लावणाऱ्या एका माणसानं युक्ती सांगितली होती. काळ्यावर थेट पांढरं लावलं तर ते राखेसारखं दिसतं. आधी थोडा गेरू लावायचा, लाल रंग काळ्याला खातो, मग वरून चेहऱ्याचा रंग. मी तसं केलं. बोटाच्या टोकानं, न चोळता, नुसतं टेकवत. सुमतीबाईंनी आरशात पाहिलं आणि पाहतच राहिल्या. ताराआत्यांनी तर माझी दृष्टच काढली.

दोन दिवसांनी फोटो तयार झाला. डोळ्यांखाली कोळसा फासल्यासारखा दिसत होता.

नाना डोक्याला हात लावून बसले. "गाढवा," ते मला म्हणाले, "आपल्या प्लेटीला लाल रंग काळा दिसतो. बायकांचं कुंकू फोटोत काळं येतं, ते इतकी वर्षं बघतोस ना?"

बघत होतो. पण कुंकू काळं येतं आणि गेरूही काळा येईल, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी कधी बसल्याच नव्हत्या.

सुमतीबाईंनी फोटो पाहिला. "शाळेतली पोरं म्हणतील, बाई मारामारी करून आल्या," त्या म्हणाल्या आणि हसल्या. पण फोटो पाकिटात परत घालताना तो त्यांना तीनदा घालावा लागला. मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

*

त्यानंतर चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. जुने फोटो काढून बघत बसलो. लाल काळं दिसतं, मग पांढरं काय दिसतं? एका बाईच्या लुगड्याचा काठ निळा होता, हे मला चांगलं आठवत होतं, कारण मीच त्याची घडी नीट केली होती. फोटोत तो काठ पांढरा होता. निरभ्र आभाळही फोटोत पांढरंच येतं.

मी घरून कपड्यांची नीळ आणली. चिमूटभर नीळ, थोडा सफेदा, दोन थेंब खोबरेल. मिश्रण माझ्याच डोळ्यांखाली लावलं आणि नानांना म्हटलं, काढा माझा फोटो. मलाही काळं होतंच, तोपर्यंत झोप उडालेलीच होती.

फोटो काढून झाला आणि मी तसाच चहाला गेलो, तोंड धुवायचं विसरून. हॉटेलवाल्यानं मला पाहिलं. काही न बोलता खुर्ची पुढे केली, पाण्याचा पेला ठेवला.

"आधी पाणी पी," तो म्हणाला. "कुणी मारलं ते मग सांग."

पण फोटोत माझ्या डोळ्यांखाली काळ्याचा मागमूस नव्हता. नाना बराच वेळ भिंग लावून बघत होते. शेवटी म्हणाले, "समोरून भूत, फोटोत नवरदेव. बोलाव बाईंना."

*

बाईंना शाळेमुळे रविवारच जमायचा. आणि पावसाळा सरता सरता आभाळानं असा हट्ट धरला की लागोपाठ तीन रविवार ढगात गेले. सुमतीबाई यायच्या, काचेच्या छपराकडे बघत तासभर बसायच्या आणि परत जायच्या. तिसऱ्या रविवारी ताराआत्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "येत्या रविवारी फोटो मिळाला नाही, तर कल्याणच्या त्या कारकुनांची बहीण त्यांना दुसरं स्थळ दाखवणार आहे. तुझ्या निळीचं काय ते लवकर बघ रे बाबा."

मधल्या दिवसांत नीळवाल्याची कीर्ती मात्र पसरत होती. ताराआत्यांच्या तोंडून कोणती गोष्ट कुठवर जाईल याचा नेम नव्हता.

चौथ्या रविवारी सकाळी ऊन होतं, पण ढगही फिरत होते. ताराआत्या सुमतीबाईंना सोडून जांभळी नाक्यावर भाजी घ्यायला गेल्या. मी बाईंना निळीचा लेप लावला. तेवढ्यात एक गृहस्थ आले. पंचेचाळिशीचे, इस्त्रीचा कोट, टोपी हातात, डोळ्यांखाली सुमतीबाईंइतकंच काळं.

"ते तुमचं निळं लावतात ते..." ते हळूच म्हणाले.

त्यांनाही लावलं. आरशाची खोली एकच, खुर्च्या दोन. आणि लावून होतंय तोच ऊन गेलं. आता ऊन येईपर्यंत थांबणं आलं. दोघं आरशासमोर शेजारी शेजारी बसले. दोघांच्या डोळ्यांखाली दोन दोन निळे चंद्र. आरशात नजरानजर झाली आणि त्या गृहस्थांना हसू आलं.

"माफ करा," ते म्हणाले. "तुम्हाला नाही हसलो. दोघांना मिळून हसलो."

सुमतीबाईही हसल्या. "जागरणं कसली तुमची?"

"आधी बायकोचं आजारपण. नंतर सवय झाली. तुमची?"

"वह्या."

ते खुर्चीतच वळले. "म्हणजे शिकवता? मी फोटो पाठवतोय तो एका शिकवणाऱ्या बाईंनाच. तुमच्या ठाण्यातल्याच आहेत. तिघा भावांचं सगळं करून दिलं, मग स्वतःचा विचार केला म्हणे. अशा बाईंना असा दमलेला चेहरा काय पाठवायचा? म्हणून ही नीळ."

माझ्या हातातला ओला रुमाल मी उगाच पिळत होतो. सुमतीबाईंनी हात पुढे केला, मी रुमाल दिला. त्यांनी सावकाश एका डोळ्याखालचं पुसलं, मग दुसऱ्या डोळ्याखालचं. सगळं काळं होतं तसं वर आलं. मग रुमालाची दुसरी बाजू वर करून तो त्यांनी त्या गृहस्थांपुढे धरला.

छपरावर लख्ख ऊन आलं. आतून नानांनी हाक मारली, "चला, आधी कोण?"

"नाना, यांचा फोटो काढू नका," सुमतीबाई म्हणाल्या. "ज्यांना पाठवायचा, त्या बाईंनी यांना पाहिलंय."

"कधी?"

"आत्ता."

गृहस्थ रुमाल हातात घेऊन त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनीही नीळ पुसली, नीट, घाई न करता.

"मग बाई, तुमचा तरी काढू ना?" नाना दारात येऊन म्हणाले.

"त्यांचाही नको," गृहस्थ म्हणाले.

नानांनी दोघांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वर छपराकडे.

"अरे, तीन आठवडे वाट बघून ऊन आलंय," ते म्हणाले. "त्याचं मी काय करू?"